डाव्या कानावरची सुताची गाठ

विमलताई गंगमवार यांची आणि माझी पहिली ओळख चपलांवरून झालेल्या भांडणानं झाली. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. संपादकांनी पत्रातच बजावलं आहे की प्रथम परिचय आदरपूर्वक यावा. पण आमच्यात भांडण आधी झालं आणि आदर मागाहून आला. ताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात मी क्रम बदलून लिहिलं, तर त्या मला पुन्हा दारात उभं करायच्या नाहीत.

मी पैनगंगेच्या अलीकडच्या, आदिलाबादकडच्या काठावरच्या एका खेड्यातला. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं माझी नजर गेली, आणि त्यानंतर दोन वर्षं मी घरात रेडिओ ऐकत बसून काढली. आई ताट हातात द्यायची, बाबा शर्टाची बटणं लावून द्यायचे. शेवटी कंटाळून म्हणा, कळवळून म्हणा, बाबांनी मला आदिलाबादला बसस्टँडमागच्या गल्लीत आणलं. टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतलेल्या एक बाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत अंधांना संगणक शिकवतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी उंबऱ्याशी पोचलो आणि आतून आवाज आला.

"चप्पल कुठं काढली ते ध्यानात ठेव बाबू. जातानी इथं कोनी शोधून देत नाई."

मला राग आला. दोन वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "आंधळ्या मानसाले असं बोलतेत का?"

"आंधळ्याले नाई बोलली. चपला घालून आलेल्या मानसाले बोलली."

बाबा हसले. दोन वर्षांत प्रथमच हसले, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. मी मात्र फुगून बसलो, आणि फुगल्याच्या भरात चपला कुठं काढल्या ते विसरलो. परतताना चाचपडत दोन चपला पायांत सरकवल्या. त्यांतली एक माझी होती, दुसरी कुणाची ते गावात उतरल्यावरही कळलं नाही. ती परत करायला मी दुसऱ्या दिवशी एकटा बसनं आदिलाबादला आलो. एकटा केलेला तो माझा पहिला प्रवास. चप्पल द्यायला गेलो तो वीस वर्षं झाली, अजून जातोच आहे.

नव्या वाचकांसाठी ताईंची आधीची हकीकत सांगायला हवी. उमेदीची सगळी वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा तो काळ. भैंशाचे कापसाचे व्यापारी असोत की मंचेरियलचे खाणीतले बाबू, नंबर सांगायचा आणि वाट बघत बसायचं. ताई दोन्हीकडची माणसं जोडून देत आणि वेळ संपली की मध्ये बोलत, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" या एका वाक्यावर त्या जिल्हाभर ओळखल्या जात. आजही बाजारात म्हातारी माणसं त्यांच्या आवाजावरून वळून बघतात, असं सोबतचे लोक मला सांगतात.

जुने लोक असंही सांगतात, की कुणाच्या मयताची खबर असली तर ताईंची तीन मिनिटं जरा लांबत. मी एकदा विचारलं. ताई फणकारल्या, "खोटं हाय. घड्याळ समोरच होतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन घड्याळाकडं पाह्याले येळ भेटला पायजे ना."

एक्सचेंजमध्ये डाव्या कानाला हेडसेट आणि उजवा कान मोकळा, अशी त्यांची बसायची रीत. डाव्या कानात लाइन चालू असायची आणि उजव्या कानानं सुपरवायझर काय ओरडतात ते ऐकायचं. "एका कानात दुनिया अन दुसऱ्या कानात साहेब," असं त्या म्हणत. दोन्हींत कधी गल्लत झाली नाही, याचा त्यांना फार अभिमान. ही रीत पुढं माझ्या कामी आली, म्हणून ती आधी सांगून ठेवतो.

नोकरी सोडल्यावर ताई संगणक शिकल्या त्या पन्नाशीच्या आसपास. मंचेरियलच्या एका कार्यालयानं मोडीत काढलेले संगणक त्यांनी मागून आणले. बसमधून, शेजारच्या सीटचं तिकीट काढून, मांडीवर एक आणि सीटवर एक. त्या संगणकांवर त्यांनी लिनक्स ही खुली प्रणाली बसवली. ती कुणालाही फुकट घेता येते, वाटता येते, आणि मुख्य म्हणजे उघडून आत काय आहे ते बघता येतं. एक्सचेंजमध्ये बिघाड झाला की मेकॅनिकच्या मागं उभं राहून आत डोकावणाऱ्या बाई त्या. ज्याचं झाकण उघडता येत नाही त्याच्यावर त्यांचा पहिल्यापासून भरवसा नव्हता.

संगणकात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज असतो. आम्ही त्याच्यावर चालतो. ताईंना दिसतं. पण त्या शिकल्या ते मॉनिटरवर क्रोशाचं कव्हर घालून. ते कव्हर धुळीसाठी आहे असं पाहुण्यांना वाटे. एकदा एका प्राध्यापकांनी ते काढायला हात लावला तर ताई म्हणाल्या, "राहू द्या. पोरायले जे दिसत नाई ते मी पाहून सांगितलं, तर मी शिकवलं काय?" वीस वर्षांत ते कव्हर निघालेलं नाही. त्या खोलीला सगळे 'ताईंची एक्सचेंज' म्हणतात.

आता माझ्या कट्टरपणाबद्दल. शिकलेला माणूस कट्टर होतो, त्यातलाच मी. दोनेक वर्षांत मी लिनक्समध्ये चांगला तयार झालो आणि लगेच माझ्या अंगात आलं. बंद झाकणाचं सॉफ्टवेअर म्हणजे गुलामी, असं मी दिसेल त्याला सांगत सुटलो. म्हणजे भेटेल त्याला. एका कॉलेजात भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. ताई मागं बसून ऐकत होत्या. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "चांगलं बोलला. जरा जेवून घे आता."

त्यानंतर मला नोकरी लागली. दिव्यांगांच्या जागेवर, जिल्ह्यातल्या एका कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून. गावात पेढे वाटले. आणि पहिल्याच दिवशी मला एका खुर्चीवर बसवून सांगण्यात आलं, बसा. मी बसलो. दुसऱ्या दिवशी बसलो. महिनाभर बसलो. दरखास्तींची, म्हणजे अर्जांची, नोंद करायचं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चाले. दफ्तरातले संगणक सगळ्यांचे सामायिक, त्यात बोलणारा आवाज बसवायला परवानगी नाही. आजूबाजूला कागद सरकल्याचे, शिक्के मारल्याचे आवाज येत आणि मी चहा कधी येतो याची वाट बघे. साहेब तेलुगू होते, स्वभावानं वाईट नव्हते. आमच्याशी हिंदीत बोलत. म्हणाले, "क्यों टेन्शन लेते, भाई? फोन के पास बिठा देते तुमको. आराम से रहना."

मी हे ताईंना सांगितलं. मला वाटलं, फोनचं नाव ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर आपटलेलं मला ऐकू आलं.

"फोनवर बसनं वाईट नाई. म्या जलमभर बसली. पन वाजतच नाई त्या फोनवर बसनं म्हंजे भिताडावर टांगलेलं कॅलेंडर. तू काऊन हो म्हटलं?"

"हो नाई म्हटलं अजून."

"मंग त्यायचं सॉफ्टवेअर तू चालव."

आणि त्यांनी तोडगा सांगितला. माझा लॅपटॉप लिनक्सवरच राहील. पण त्याच्या आत, सॉफ्टवेअरच्याच आधारानं, दुसरा एक संगणक उभा करायचा. त्या आतल्या संगणकाला आपण खराखुरा संगणक आहोत असंच वाटतं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या आतल्या मशीनमध्ये विंडोज बसवायचं, विंडोजमध्ये दफ्तराचं सॉफ्टवेअर, आणि तिथंही एक बोलणारा आवाज. साहेबांची तोंडी परवानगी त्या स्वतः मागणार होत्या.

मी ताडकन नाही म्हणालो. ज्याच्याविरुद्ध भाषण केलं तेच माझ्या मशीनमध्ये आणायचं? मी तत्त्व, शुद्धता असं बरंच काही बोललो. ताईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिगू, मागच्या खोलीत कोन राह्यते?"

मागच्या खोलीत त्यांचे भाडेकरू हमीदभाई राहत, बसचे ड्रायव्हर. ताईंचं घर पक्कं शाकाहारी, लसूणसुद्धा मोजून. हमीदभाईंकडं दर रविवारी मटण शिजे. त्यांचा दरवाजा वेगळा, नळ वेगळा, चूल वेगळी. वास गल्लीभर जाई. ताईंच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात नेणारेही हमीदभाईच.

"पंधरा सालं झाली," ताई म्हणाल्या. "माह्यं घर बाटलं का? घर माह्यं हाय. भाडेकरू त्याच्या खोलीत हाय. दाराची चाबी माह्याकडं हाय. अजून काय पायजे तुले?"

दोन दिवस मी उत्तर शोधत होतो, मग लॅपटॉप घेऊन गेलो. तेव्हापासून त्या आतल्या मशीनला आमच्यात 'मागची खोली' आणि लिनक्सला 'घर' म्हणतात.

इथं ताईंच्या एका मूल्याची नोंद केली पाहिजे. विंडोजची चोरटी सीडी तेव्हा बाजारात कुठंही मिळे, आणि दफ्तरातल्याच एकानं ती मला आणूनही दिली. ताईंनी ती परत पाठवली आणि रीतसर परवाना विकत घेतला. मी चिडवलं, "ताई, आख्ख्या जिल्ह्यात विकत घेनाऱ्या तुमी एकट्याच असान." त्या म्हणाल्या, "देनाऱ्यानं फुकट दिलं तर मी पदर पसरून घेते. न देनाऱ्याचं उचलत नाई." आम्ही फुकटचं वापरतो म्हणून आम्हाला फुकटे समजणाऱ्यांना मी आजवर हेच वाक्य ऐकवत आलो आहे.

मागची खोली तयार झाली आणि खरी पंचाईत सुरू झाली. घरात एक आवाज बोलतो, मागच्या खोलीत दुसरा बोलतो, आणि दोघं एकदम बोलतात. दोन्हीकडं तोच फुकटचा, नाकात बोलणारा आवाज. त्यात एक कळ दाबली की मी मागच्या खोलीत शिरायचो, तीच दाबली की बाहेर घरात. डोळस माणसाला पडद्यावर दिसतं आपण कुठं आहोत. मला कळेचना. पत्र घरात लिहायला जायचो आणि अक्षरं मागच्या खोलीत उमटायची. आवाज वेगवेगळे करून पाहिले. पण आम्ही ऐकतो ते फार भरभर, आणि वेग वाढवला की सगळे आवाज एकाच आईची लेकरं. तिसऱ्या दिवशी मी हेडफोन टेबलावर फेकला आणि म्हणालो, मी फोनवर बसतो.

सकाळभर ताई लॅपटॉपशी झटत होत्या, कव्हर टाकूनच. दुपारी त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. घराचा आवाज फक्त डाव्या कानात आला. मागच्या खोलीचा फक्त उजव्या. मी कळ दाबली, आवाज उजवीकडं गेला. पुन्हा दाबली, डावीकडं आला. मी हसायलाच लागलो. इतकं सोपं.

"एका कानात दुनिया, दुसऱ्या कानात साहेब," ताई म्हणाल्या. "अन हे पाय." त्यांनी माझा हात धरून हेडफोनच्या डाव्या बाजूवर ठेवला. तिथं सुताचा दोरा बांधला होता, त्याला तीन गाठी. "डावा कोन्ता, ते बोटानं पाह्याचं. घालाच्या आदी दरवेळी."

त्यानंतर एक्सचेंजमधल्या प्रत्येक हेडफोनला डाव्या बाजूला तीन गाठी बसल्या. पुढं बेज्जूरकडच्या एका शिक्षिकेची नजर मंदावली, तेव्हा ताई दिवसभराचा बसप्रवास करून तिच्या गावी गेल्या. त्यांच्या पिशवीत एक डिस्क होती, आख्खी मागची खोली त्या डिस्कमध्ये, आणि सुताचं एक रीळ.

साहेबांनी परवानगी दिली, पण अट घालून. पंचवीस दरखास्ती जेवणाच्या सुट्टीपूर्वी, त्यांच्या डोळ्यांदेखत नोंदवून दाखवायच्या. कागद वाचून दाखवायला एक सहकारी बसेल. जमलं तर आवक शाखेत टेबल, नाही तर फोन. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. ताईंना साहेबांच्या समोरच्या बाकावर बसायची मुभा होती, बोलायची नव्हती.

आता माझ्या मूर्खपणाची कबुली. त्या दिवसासाठी मी नवा हेडफोन घेतला. जुना फाटका, त्याला तो दोरा लोंबतो, साहेबांपुढं बरं दिसत नाही म्हणून. बरं दिसत नाही, हे मी ठरवलं! घरून निघताना जुना तिथंच ठेवला, आणि दफ्तरात नवा घातला तो डावी-उजवी बाजू नीट तपासून.

काम झकास चाललं. सोळा दरखास्ती झाल्या. सतरावी अर्धी भरली होती, अर्जदाराचं आडनाव लिहीत होतो, तेवढ्यात चहा आला. सवयीनं कळ दाबून मी मागच्या खोलीतून घरात आलो, हेडफोन काढला, आणि चहा घेत साहेबांना आमचं तंत्र समजावू लागलो. जरा जास्तच समजावलं. मग हेडफोन पुन्हा चढवला. उलटा.

घराचा आवाज उजव्या कानात आला, आणि मला वाटलं मी मागच्या खोलीत आहे. दफ्तराच्या सॉफ्टवेअरमध्ये मदतीची एक चौकट अधूनमधून उगाच उघडायची. तीच उघडली असेल असं समजून मी ती बंद करायची बटणं दाबली. आवाजानं काहीतरी विचारलं. प्रत्येक दरखास्तीनंतर 'साठवू का' असा प्रश्न येई, तोच असणार म्हणून पुरतं न ऐकताच मी एंटर मारलं.

एक कान एकदम शांत झाला. आमच्यासारख्याला अशी शांतता म्हणजे पायाखालची पायरी नसणं. मी बटणं दाबत राहिलो. सतरावी दरखास्त, आडनाव, काही नाही. मी आख्खी मागची खोलीच बंद केली होती.

साहेबांची खुर्ची करकरली. "क्या हुआ? गया?"

मी मान डोलावली. साहेब हळूच, खरोखर सहानुभूतीनं म्हणाले, "ठीक है. कोशिश किया ना. फोन में भी इज्जत है."

तेवढ्यात बाकावरून ताईंचा आवाज आला. बोलायची मुभा नव्हती तरी आला.

"दिगू, गाठ कुठं हाय?"

माझं बोट डाव्या कानावर गेलं. तिथं गुळगुळीत प्लास्टिक. "नव्याले नाई, ताई," मी म्हणालो. तेव्हाच मला कळलं काय झालंय ते.

ताई उठल्या. साहेबांना म्हणाल्या, "साब, ट्रंक लाइन कट होती थी तो हम फिर से नंबर लगाके देते थे. एक कट के लिए किसी को घर नहीं भेजा. पाँच मिनट दे दो." साहेबांनी हो म्हटलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. पण कापड टर्रकन फाटल्याचं ऐकू आलं. ताईंनी पदराच्या काठाचं सूत ओढलं होतं. माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून, तिथंच उभ्याउभ्या त्यांनी डाव्या बाजूला दोरा बांधला, तीन गाठी मारल्या आणि सुलटा करून परत चढवला.

"घरात हायस तू. आता जा अन मागचं दार उघड."

"ताई, सगळं गेलं असन. म्या बंद करून टाकलं."

"जा म्हटलं ना."

मी गेलो. दार उघडलं. आणि उजव्या कानात तो नाकातला आवाज अर्ध्या आडनावावर बोलू लागला. जिथं मी सोडलं होतं, त्याच अक्षरावर. सोळा दरखास्ती जागेवर, सतरावी जागेवर, कर्सर जागेवर. ताईंनी ती खोली उभी करतानाच योजून ठेवलं होतं, की चुकून दार लागलं तरी आतला संगणक मरता कामा नये, आहे तसा झोपला पाहिजे, आणि दार उघडल्यावर तिथूनच उठला पाहिजे. भाडेकरूला न विचारता त्याची चूल विझवायची नाही, असा त्यांचा नियम. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ताईंची ही वाईट खोड आहे. केलेलं सांगत नाहीत, आणि आपण विचारलं तर 'त्यात काय' म्हणतात.

पंचविसावी दरखास्त सुट्टीच्या घंटेआधी झाली. साहेब म्हणाले, "कल से आवक में बैठो." ताईंना म्हणाले, "अम्मा, साडी का नुकसान हो गया आपका." ताई म्हणाल्या, "जुनीच थी."

ती जुनी नव्हती. दसऱ्याला घेतलेली होती, हे मला हमीदभाईंनी नंतर सांगितलं.

आजही मी त्याच शाखेत आहे, आता वरिष्ठ सहायक म्हणून. कागद माझ्या टेबलावरून सरकतात, शिक्के माझ्या हाताखाली वाजतात. बाबांच्या हयातीत हे झालं. त्यांनी एकदा दफ्तरात येऊन, मला न सांगता, कोपऱ्यात उभं राहून माझं काम पाहिलं होतं. हे सगळं ज्यांच्यामुळं झालं, त्यांनी वीस वर्षांत मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. ही तक्रार मी या ग्रंथात मुद्दाम छापील करून ठेवतो.

इथं लेख संपवायला हवा होता. पण मागच्या महिन्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ताई रागावतील. रागावू द्या.

रविवारी सकाळी मी एक्सचेंजमध्ये गेलो होतो. ताई काम करत होत्या. फोन वाजला म्हणून त्यांनी डोक्यावरचा हेडफोन काढून, होता तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. "एवढं पाहून घे रे, मी आलीच." सवयीनं माझं बोट डाव्या कानावर गेलं. गाठी नव्हत्या. मी उजव्या कानाकडं बोट नेलं. तीन गाठी तिथं होत्या.

ज्या बाईंनी साऱ्या जिल्ह्यातल्या अंधांना गाठ तपासायला शिकवलं, त्यांनी हेडफोन उलटा घातला होता. ताई चुकत नाहीत. मी काय ते समजलो. त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून, अगदी हळू विचारलं, "ताई, चहा ठेवू का?" उत्तर आलं नाही. मी उजव्या बाजूला येऊन तेच विचारलं. उत्तर आलं, "ठेव की."

"कधीपासून?" मी म्हणालो.

"दिवाळीपासून. डावा गेला. कोनाले सांगू नको." मग हसल्या. "घराचं ऐकाचं असलं की उलटं घालते, मागच्या खोलीचं ऐकाचं असलं की सुलटं. तूनंच शिकवलं ना, साहेबापुढं?"

मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. मग डोळे पुसून लॅपटॉप ओढला. दुपारपर्यंत दोन्ही आवाज त्यांच्या उजव्या कानात आणले. आणि मागच्या खोलीनं बोलण्याआधी एक बारीक घंटी वाजावी असं केलं, म्हणजे कुठून बोलणं चाललंय ते कळेल. हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी कळ दाबली. घंटी वाजली. पुन्हा दाबली, पुन्हा ऐकली.

"ट्रंक लाइनची घंटी हाय ही," ताई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी तिसऱ्यांदा कळ दाबली. मला वाटलं, आता तरी शाबास येईल. त्या म्हणाल्या, "जातानी चप्पल ध्यानात ठेव."

सत्काराला येणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, की व्यासपीठावर ताईंशी बोलायचं असेल तर त्यांच्या उजव्या हाताला यावं. हार कुणीही घालावा, पण बोलावं तिकडूनच. त्यांची परवानगी न घेता मी हे छापतो आहे, कारण दुनियेचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत राहावा, ही आता आमची जबाबदारी आहे.

ताई, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्ये येऊन एकच विचारत आलात: तीन मिनिटं झाली, वाढवू का? आज तुमच्या पंचाहत्तरीला आम्ही तुम्हाला विचारायची वेळ येऊ देणार नाही. भैंसा, मंचेरियल, बेज्जूर, पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची आम्ही सगळी तुमची माणसं, तुमच्या उजव्या बाजूला उभी राहून, मोठ्यानं, तुम्हाला नीट ऐकू जाईल असं सांगतो आहोत: वाढवा, ताई. अजून खूप बोलायचं आहे.